सव्वा मुठीचं घर

बातमी घेऊन रत्ना शाळेत आली तेव्हा मी तिसरीच्या वर्गाकडून पाढे म्हणून घेत होते. ती दारात उभी राहिली. पायात चप्पल नाही, हाताला कणीक तशीच. "बाई, जिजी उठत नाहीत," एवढंच म्हणाली. मुलांना मी सांगितलं, म्हणत राहा, आलेच. आणि त्या दिवशी काही परत गेले नाही. सुरतेतल्या बमरोली गावठाणातल्या आमच्या घराच्या ओट्यावर द्वारकाजिजी भिंतीला टेकून बसली होती. उधना स्टेशनावरून नुकतीच आलेली, शेजारी अर्धा प्यालेला पाण्याचा तांब्या. जिला ती गाडीवरून उतरवून घेऊन आली होती ती पोटुशी पोरगी, सविता, गाठोडं छातीशी धरून समोर उभी होती आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होती, "आत्ता बोलत होत्या हो माझ्याशी... म्हणाल्या, बस, दम घे, मग आत जाऊ." त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा जो तो म्हणतो, पुण्यवान बाई, चांगलं मरण आलं. मला हे वाक्य ऐकलं की मस्तकात तिडीक जाते. मरण कसलं चांगलं? तिला अजून मेडीवरची, म्हणजे वरच्या माळ्यावरची, नळिये म्हणजे कौलं बदलायची होती, मागच्या अंगणात न्हाणीघर वाढवायचं होतं, आणि दिराशी निदान आणखी वीस वर्षं भांडायचं होतं.

जिजी धुळ्याकडची. नवरा पांडेसऱ्यात लूमवर जॉबर होता, म्हणजे माग अडला की तो चालू करून देणारा. छातीच्या दुखण्यानं तो लवकर गेला. मूलबाळ नव्हतं. दीर नामदेवनाना म्हणाले, गावी चला, आईजवळ राहा. ही म्हणाली, गावी काय करू, तुमच्या म्हशी मोजू? आणि तिनं एका खोलीत खानावळ घातली. कारागीर जेवायला यायचे आणि त्यांच्या मागोमाग, कुणाला न सांगता, त्यांच्या बायकाही यायला लागल्या. कुणी मुलाला इस्पितळात दाखवायला, कुणी महिनोन् महिने निरोप न आलेल्या नवऱ्याला शोधायला, कुणी बाळंतपणाला. कारागिरांच्या खोल्यांत पाळीपाळीनं झोपणारे दहा-दहा पुरुष. तिथं बाईमाणूस कुठं टेकणार? पाळी सुटेपर्यंत स्टेशनावर बसायचं, नाहीतर कारखान्याच्या फाटकाशी. जिजी शेवटची पंगत उठली की ताटं भिंतीला लावायची आणि त्या मोकळ्या जागेत बायकांना निजवायची. एकदा एका बाईनं पीठाच्या गोणीला टेकून तान्ह्याला पाजलं, आणि बाहेर हात धुणारे चार पुरुष आत डोकावून बघत राहिले. जिजीनं त्या चौघांचं जेवण तिथल्या तिथं बंद केलं. "या शहरात लूमला छप्पर आहे, बाईला नाही," असं ती मला पुढं किती वेळा म्हणाली असेल. खानावळीवर जमवलेलं आणि अंगावरचं सोनं घालून तिनं जे घेतलं ते हे घर.

घर कसलं, कोठार होतं ते. बमरोली हे खरं तर गाव. चहूबाजूंनी कारखाने आले आणि गाव मधे सापडलं. छगनकाका पटेलांच्या वाडवडिलांनी धान्य आणि कापूस भरायला ती लांबलचक इमारत बांधली होती. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मेडी, त्यावर गावठी नळिये. काकांचं कुटुंब नव्या बंगल्यात गेलं आणि इथं मोडकी गाडीची चाकं, कडबा आणि घुशी उरल्या. विकताना काका प्रामाणिकपणे म्हणाले, "बेन, आ घर नथी, कोठार छे. तोडी नाखो, लूम बेसाडो." सगळ्यांचा सल्ला हाच, पाडा आणि माग बसवा. नाना तर मापं घेऊनच आले होते, कुठं किती माग बसतील त्याची. जिजीनं काय केलं, त्यांना आत नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "ऐका." नाना म्हणाले, काय ऐकू, काहीच ऐकू येत नाही. "तेच," जिजी म्हणाली. बाहेर दिवसरात्र खटाखट, आत मातीच्या भिंतींनी ती अडवलेली. सुरतेत झोप लागेल अशी जागा तिला सापडली होती आणि तीच तोडायला सगळे सांगत होते.

दुरुस्ती वर्षभर चालली. मोठा पैसा नव्हता, म्हणून एकेक खण करत गेली. पुढचा खण स्वतःला राहायला, मधला चुलीचा आणि पंगतीचा, मागचा अंगणाकडचा बाळंतिणींचा आणि आजाऱ्यांचा, आणि वरच्या मेडीवर फळ्यांच्या भिंती घालून येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांच्या खोल्या. रत्ना नांदेडकडची, नवऱ्यानं टाकलेली. ती या कामावर घमेली उचलायला आली होती. काम संपलं, मजूर गेले, ती गेली नाही. जिजीनंही कधी विचारलं नाही की तू जाणार कधी. त्या कामातलं एक भांडण रत्ना अजून रंगवून सांगते. खोल्यांना दारं बसली त्या दिवशी जिजी बाजारात गेली होती. परत येऊन बघते तो प्रत्येक दाराला कडी बाहेरून. कडियाचा म्हणजे गवंड्याचा हात कोठारं आणि गोदामं बांधून तयार झालेला. माल आत आणि कुलूप बाहेर, एवढंच त्याला ठाऊक. जिजी म्हणाली, "भाऊ, ही ज्वारी नव्हे. ह्या बायका आहेत. कडी आतून." तो म्हणाला, बेन, रात्री कोण कुठं जातं त्यावर नजर नको? झालं. त्यानंतर ती जे बोलली ते मी वर्तमानपत्राच्या या पुरवणीत लिहू शकत नाही. त्यानं मुकाट्यानं सगळ्या कड्या उपसल्या आणि आतून ठोकल्या. बाहेरच्या भोकांत जिजीनं स्वतः पुट्टी भरली. आजही दारांवर ते डाग दिसतात. रंगवू देत नव्हती.

मी त्या घरात आले ती ही कामं चालू असतानाच. मी वऱ्हाडातली. नवरा होता, त्याच्यापाशी राहणं शक्य नव्हतं म्हणून राहिले नाही. त्यापेक्षा जास्त मी तेव्हाही कुणाला सांगितलं नाही आणि आताही सांगणार नाही. इथल्या मराठी शाळेत नोकरी लागली आणि खोलीसाठी भेस्तानपासून कतारगामपर्यंत वणवण केली. प्रत्येक दारात एकच प्रश्न, मिस्टर कुठं असतात? एका घरमालकानं तर खोली दाखवून, डिपॉझिट ठरवून, मग बायकोचा सल्ला घेतला आणि दार लावलं. कुणीतरी म्हणालं, बमरोलीत एक खानदेशी बाई कोठार दुरुस्त करतेय, ती कुणालाही ठेवते. "कुणालाही" हा शब्द असा उच्चारला होता की मी जाऊच नये. मी गेले. जिजी चुन्यानं पांढऱ्या झालेल्या हातांनी खांब घासत होती. माझ्याकडे वळून न बघता म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, मी खोली विचारायला आलेय. "ते ऐकलं. जेवलीस का ते सांग." नवऱ्याबद्दल तिनं कधीच विचारलं नाही. पुढं मीच एकदा बोलायला लागले तर म्हणाली, राहू दे, भाजी करपेल. मी तोंडाची फटकळ, ती माझ्याहून फटकळ. आमचं जमलं याचं सगळ्यांनाच नवल.

मग ते घर सुरू झालं. घर, खानावळ, उतरायची जागा, दुपारी ओसरीवर माझा अक्षरओळखीचा वर्ग, अंगणात पापड-कुरडयांच्या खाटा. सकाळी कुणाची लेक बघायला पाहुणे आलेले, तर मागच्या खणात कुणी कळा देतेय. नंदुरबारपासून जळगावपर्यंत निरोप गेला होता की सुरतेत उतरलात तर जिजीकडे जा. ती स्वतः गाडीवर जायची, कारण नवख्या बाईला रिक्षावाला कुठं नेईल याचा तिला भरवसा नव्हता. रात्री पुढच्या दाराशी आपली खाट आडवी घालायची. दार वाजलं तर उघडणारी पहिली ती, आणि कुणी दारू पिऊन बायकोला ओढून न्यायला आला तर त्याला भेटणारीही पहिली तीच. त्या खाटेवर बसून तिनं असे कितीतरी नवरे परत पाठवले. आवाज चढवायची नाही. फक्त म्हणायची, "सकाळी ये. अंघोळ करून ये."

पण सगळ्यात मोठं भांडण झालं ते कानबाईवरून. ज्यांना खानदेश माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही आधी माहीत नव्हतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, बांगड्या, सगळा शृंगार. तिच्या नैवेद्याला रोट करतात. त्याचे गहू मोजायची रीत अशी की घरात जितके पुरुष, अगदी पाळण्यातल्या बाळासकट, त्या प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. आणि तो रोट खायचा फक्त भाऊबंदांनी. बाहेरच्याला घासही द्यायचा नाही, खरकटंसुद्धा उंबऱ्याबाहेर टाकायचं नाही. जिजीच्या भाऊबंदांची कानबाई नानांच्या घरी बसायची. कोठाराचं घर उभं राहिलं त्या श्रावणात जिजी म्हणाली, यंदा माझ्या घरी मी वेगळी बसवणार. नाना चार माणसं घेऊन आले. "वहिनी, हाई घर नही, लॉज शे. लॉजमा कानबाई बसत नही." जिजी गहू निवडत होती, निवडत राहिली. नानांनी विचारलं, बरं, मूठ कुणाच्या नावानं घालणार? तुमच्या घरात पुरुष कोण? त्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि मान वर केली. "ज्या मना छप्परखाले निजतस, त्या बठा मना भाऊबंद." माझ्या छपराखाली जे निजतात ते सगळे माझे भाऊबंद... आणि त्यांच्यादेखत तिनं मुठी घालायला सुरुवात केली. रत्नाच्या नावानं, माझ्या नावानं, मेडीवरच्या एकेकीच्या नावानं, कुणाची जात-गोत न विचारता. तिचा पंजा मोठा होता, भाकऱ्या थापून रुंदावलेला. मूठ टाकली की वर बोटांनी थोडे गहू आणखी टाकायची, सव्वातला पाव. म्हणायची, मूठ असलेलीची, पाव येणारीचा. हे काही शास्त्रात नाही. तिचं तिनं केलेलं. नाना उठून गेले आणि त्यानंतर भाऊबंदांपैकी एकही पुरुष त्या घरात जेवला नाही. लग्नाच्या पत्रिका यायच्या बंद झाल्या. जिजीला त्याचं वाईट वाटलं, खूप वाटलं. त्या पहिल्या विसर्जनाला खाडीवर जाताना डोक्यावर कानबाई घेऊन ती मोठमोठ्यानं गात होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. पण पुढच्या श्रावणात पुन्हा मुठी घातल्या.

मग प्लेगचा तो सप्टेंबर आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. दोन दिवसांत माग थांबले, आणि बमरोलीत मी पहिल्यांदा चिमण्यांचा आवाज ऐकला. जो तो गाडीच्या टपावर बसून गावी पळत होता. नानाही मुलांना घेऊन निघाले. त्यांची बायको मंदा तापानं फणफणली होती. तापलेलं माणूस दिसलं तर डब्यात कुणी घेईना. नाना तिला आमच्या ओट्यावर बसवून, आत न येता, "मागून घेऊन या" म्हणून गेले. ज्या लॉजमध्ये देवी बसत नव्हती तिथं बायको मात्र बसली. मी हे तेव्हाही तोंडावर बोलले असते, पण ते थांबलेच नाहीत. जिजीनं मंदाला मागच्या खणात नेलं, नाकाला पदर बांधला आणि दिवसरात्र तिच्या उशाशी बसली. साधा हिवताप निघाला. ताप उतरला तोवर बाहेर माग पुन्हा सुरू झाले होते; मंदा तिथं पडल्या पडल्या एवढंच म्हणाली, "जिजी, किती गप आहे गं इथं." पुढच्या श्रावणात जिजीनं तिला निरोप धाडला, तू या छपराखाली निजली आहेस, तुझी मूठ घालते, रोट खायला ये. मंदा आली नाही. नवऱ्याला विचारायची तिची छाती नव्हती. बाजारात कुठं भेटली की जिजी तिला सगळ्यांदेखत म्हणायची, "तुनी मूठ बाकी शे व मंदा." मंदा हसायची, इकडेतिकडे बघायची आणि पदर सावरून पुढं जायची.

जिजीचा तेरावा झाला आणि नाना घरी आले. घर तिनं हयातीतच, चारचौघांत सांगून, रत्नाच्या आणि माझ्या नावावर केलं होतं, त्यामुळं कागदाचं काही नव्हतं. ते दुसऱ्याच वाटेनं आले. म्हणाले, भाऊबंदांत मयत झाली, यंदा वर्षभर सण नाही, कानबाई बसणार नाही. आणि पुढच्या वर्षीही कशी बसेल? तुम्ही एक नांदेडची, एक वऱ्हाडची, तुम्ही कानबाईच्या नव्हेतच. मग हे कुणाचं घर? बिनभाऊबंदांच्या घरात आपली सून-लेक कोण उतरवेल? मी गावोगाव सांगेन, जिजी होती तोवर होतं, आता ती नुसती लॉज आहे. बोलणं शांत होतं, पण त्यांना बरोबर माहीत होतं घाव कुठं घालायचा ते. हे घर पैशावर चाललेलंच नाही. गावाकडची सासू डोळे मिटून सुनेला गाडीत बसवते, त्या भरवशावर चाललंय. तो गेला की मेडी रिकामी, आणि रिकाम्या मेडीखाली माग बसायला कितीसा वेळ लागतो? सविता दाराआड उभी राहून हे सगळं ऐकत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तिला जायला दुसरी जागा नव्हती.

मी नानांना म्हटलं, "नाना, सहा वर्षं तुम्ही एकच सांगत आलात की ह्या बायका जिजीच्या कुणी लागत नाहीत. बरोबर?" ते म्हणाले, बरोबरच आहे. "मग जे कुणी लागत नाहीत, त्यांना सुतक कसलं? सुतक तुम्हाला. तुमच्या घरची कानबाई तुम्ही खुशाल बंद ठेवा. आमची बसेल." रत्ना फस्सकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून रडायला लागली. नाना जाता जाता ओट्यावरून एवढंच म्हणाले, "बघतो, कोण येतं ते."

खरं सांगते, मी हे बोलून बसले आणि मनात धास्तावले. कुणी आलंच नाही तर? शनिवारी संध्याकाळी परात मांडली. तिच्यासारखी मूठ आमच्या कुणाचीच नाही. रत्ना म्हणाली, बाई, तुम्ही घाला, तुम्ही शिकलेल्या. मी म्हटलं, गव्हाला काय शाळा लागते, तू घाल. शेवटी दोघींनी मिळून घातल्या. मेडीवर तेव्हा तिघीच होत्या. सविताच्या नावाची घालून झाल्यावर रत्नानं विचारलं, "पोटातल्याची?" मी म्हटलं, घाल, पोरगी असली तरी घाल. मग ती हळूच म्हणाली, "आणि जिजीची?" तिचा नियम तिला लावायचा तर मूठ निजणाऱ्याची, आणि दाराशी तिची खाट इतके दिवस रिकामी आडवी पडली होती. आम्ही ती उचलली नव्हती आणि तिच्यावर कुणी बसतही नव्हतं. तेवढ्यात त्याच दारातून मंदा आत आली. हातात एक पिशवी, त्यात एकच लुगडं. खाटेला वळसा घालून ती परातीपाशी येऊन बसली. म्हणाली, "मनी बी मूठ टाका." मी विचारलं, नानांना सांगून आलीस? "नाही." मी म्हटलं, मंदा, इथं निजावं लागेल. तिनं पिशवी उघडून लुगडं दाखवलं, म्हणजे तयारीनंच आले आहे असं. रत्ना म्हणाली, तुमची तुम्हीच घाला. मंदानं गव्हात हात घातला आणि थांबली. इतकी वर्षं सासऱ्याच्या, नवऱ्याच्या, मुलांच्या नावानं मुठी घातलेली बाई, स्वतःच्या नावाची भरताना तिच्या बोटांतून गहू निसटत होते. दुसऱ्यांदा नीट भरली. वरचा पावही टाकला.

मेडीवर बाकीच्या खोल्या रिकाम्या होत्या, पण मंदा म्हणाली, मी इथंच पडते, आणि दाराशी जिजीच्या खाटेवर आडवी झाली. दाराला आतून कडी घातली तीही तिनंच.

रविवारी दुपारी कानबाई बसली, पुरण शिजत होतं, आणि दार वाजलं. नाना. "मंदाले धाडा." मी उठणार होते. मंदानं मला हातानं थांबवलं आणि खाटेवर बसूनच, आवाज न चढवता, दारातून सांगितलं, "रोट खाईसनच येसू मी." मातीच्या भिंती, बाहेरचं आत येत नाही. मला वाटलं गेले. खिडकीतून बघितलं तर नाना ओट्यावर बसले होते, जिजी शेवटची टेकली होती त्याच भिंतीला टेकून, बायकोची वाट बघत. शेजारच्या दोघी-चौघी सुपारी-खण घेऊन कानबाईच्या दर्शनाला येत होत्या, त्यांच्यासमोरून आत जात होत्या, आणि नाना कुणाला अडवत नव्हते. मंदा आत शांतपणे जेवली. दोनदा वाढून घेतलं.

नानांना मी चहा नेऊन दिला. रोट दिला नाही. तो घरच्यांनीच खायचा असतो.